यूज फ्लॅग

यूज फ्लॅग : मूळ संहितेपासून बांधल्या जाणाऱ्या जेंटू लिनक्स या संगणकीय परिचालन प्रणालीत एखाद्या आज्ञावलीचा कोणता ऐच्छिक भाग तिच्या बांधणीच्या वेळी समाविष्ट करावयाचा व कोणता वगळावयाचा, हे ठरविणाऱ्या नामांकित विकल्पांस यूज फ्लॅग असे म्हणतात. प्रत्येक विकल्पाच्या चालू व बंद अशा दोनच अवस्था असतात. विकल्पाचे नुसते नाव लिहिले, म्हणजे तो चालू व नावापूर्वी उणे चिन्ह लिहिले, म्हणजे तो बंद असा संकेत आहे. हे विकल्प ज्या चलात साठविले जातात त्याचे नाव ‘यूज’ असल्यामुळे त्यांना हे नाव मिळाले. विकल्पांची व फाइलींची नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहितात. प्रस्तुत नोंदीत ती उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

आज्ञावली सुरू असताना तिच्यात करावयाच्या मांडणीपेक्षा (सेटिंगपेक्षा) यूज फ्लॅग मूलतः भिन्न आहे. सुरू असलेल्या आज्ञावलीतील एखादी सोय बंद करणे हे दाराला कुलूप लावण्यासारखे आहे. दार तेथेच राहते. बांधणीच्या वेळी विकल्प बंद ठेवणे म्हणजे त्या भिंतीत दारच न ठेवणे होय. वगळलेला भाग यंत्रसंहितेत उतरतच नाही. त्यामुळे तो जागा व्यापत नाही, त्यात बिघाड होऊ शकत नाही व त्याच्यावर हल्लाही करता येत नाही. मात्र पुढे त्याची गरज भासल्यास ती आज्ञावली पुन्हा बांधण्यावाचून गत्यंतर नसते. यूज फ्लॅगचे सर्व गुणदोष या एका गोष्टीतून उद्‌भवतात.

पार्श्वभूमी : आज्ञावली सी, सी++ यांसारख्या मनुष्यास वाचता येणाऱ्या भाषांत लिहितात. या लेखनास मूळ संहिता (सोर्स कोड) म्हणतात. संगणकाच्या प्रक्रियकास ती थेट कळत नाही. संकलक (कंपायलर) नावाच्या आज्ञावलीच्या साहाय्याने तिचे यंत्रसंहितेत रूपांतर करावे लागते. हे रूपांतर, तयार झालेले भाग इतर लायब्रऱ्यांशी सांधणे, फाइली योग्य जागी बसविणे इ. क्रियांस एकत्रितपणे बांधणी (बिल्ड) म्हणतात.

मोठ्या आज्ञावलीचे सर्वच भाग सर्वांना हवे असतात असे नाही. संगीत ऐकविणाऱ्या आज्ञावलीत ब्लूटूथची सोय असू शकते. परंतु ज्या संगणकात ब्लूटूथच नाही तेथे ती निरुपयोगी ठरते. म्हणून संहितेचे काही भाग अटींच्या कुंपणात ठेवण्याची व बांधणीच्या वेळी ती अट पुरी झाल्यासच ते संकलकाकडे सोपविण्याची पद्धत फार पूर्वीपासून रूढ आहे. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन तयार केले व त्यामुळे बांधणीचे टप्पे नियमबद्ध झाले. डेव्हिड मॅकेंझी यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ‘ऑटोकॉन्फ’ या साधनामुळे बांधणीपूर्वी ‘अमुक भाग सामील करा’ वा ‘अमुक लायब्ररीवाचून बांधा’ असे सांगण्याची एकसारखी रीत बहुसंख्य मुक्त आज्ञावलींना मिळाली. तथापि हे आदेश प्रत्येक आज्ञावलीला स्वतंत्रपणे द्यावे लागत आणि त्यांची नावेही निरनिराळी असत.

डेबियन, फेडोरा, उबुंटू इ. प्रचलित लिनक्स वितरणांत हा प्रश्न वापरकर्त्यापुढे येतच नाही. तेथे वितरक स्वतः आज्ञावली बांधतो व तयार यंत्रसंहिता पॅकेजच्या रूपाने पुरवितो. निवड एकदाच, सर्वांच्या वतीने केली जाते. अधिकाधिक लोकांची गरज भागावी म्हणून बहुतेक विकल्प चालूच ठेवावे लागतात. काही वेळा वितरक एकाच आज्ञावलीची दोनतीन रूपे देतो. उदा., विम हा मजकूर-संपादक डेबियनमध्ये अगदी लहान रूपात, आलेखी पडद्यावाचून व आलेखी पडद्यासह अशा वेगवेगळ्या पॅकेजांत मिळतो. परंतु दहा स्वतंत्र विकल्पांचे १,०२४ व वीस विकल्पांचे १०,४८,५७६ संयोग होतात. ते सर्व तयार करून ठेवणे कोणत्याही वितरकास शक्य नाही. ही निवड वापरकर्त्याच्या हाती द्यावयाची तर बांधणीही त्याच्याच संगणकावर व्हावयास हवी, हे उघड आहे.

इतिहास : डॅनियल रॉबिन्स यांनी १९९९ च्या सुमारास ईनॉक या नावाने एक लिनक्स वितरण तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे त्यास पाण्याखाली अतिशय वेगाने पोहणाऱ्या जेंटू पेंग्विनवरून जेंटू हे नाव देण्यात आले. मध्यंतरी रॉबिन्स यांनी काही काळ फ्रीबीएसडी ही परिचालन प्रणाली वापरली. तिच्यातील ‘पोर्ट्‌स’ या संग्रहात प्रत्येक आज्ञावलीची मूळ संहिता कोठून आणावी व ती कशी बांधावी याच्या कृती एकत्र ठेवलेल्या असतात. या कल्पनेचा प्रभाव घेऊन जेंटूची ‘पोर्टेज’ ही पॅकेज-व्यवस्था उभी राहिली. ती पायथन व बॅश या भाषांत लिहिलेली आहे. जेंटूचे १.० हे संस्करण ३१ मार्च २००२ रोजी प्रसिद्ध झाले. रॉबिन्स २००४ मध्ये प्रकल्पातून बाहेर पडले व तेव्हापासून तो स्वयंसेवी विकासकांच्या समूहाकडून चालविला जात आहे.

पोर्टेजचे वैशिष्ट्य असे की, निरनिराळ्या आज्ञावलींतील समान अर्थाच्या विकल्पांना तिने एकच नाव दिले. मुद्रणाची सोय हवी की नको, हे शेकडो आज्ञावलींना शेकडो प्रकारे सांगण्याऐवजी ‘कप्स’ हा एक शब्द चालू वा बंद करणे पुरेसे झाले. अशा रीतीने एकेका आज्ञावलीपुरता असलेला तपशील संपूर्ण प्रणालीच्या धोरणाचा भाग बनला.

स्वरूप व कार्य : जेंटूतील प्रत्येक पॅकेजाच्या प्रत्येक संस्करणासाठी ईबिल्ड नावाची एक लेखी कृती असते. मूळ संहितेचा पत्ता, परवाना, आवश्यक असलेली इतर पॅकेजे व बांधणीचे टप्पे ही माहिती तीत असते. ते पॅकेज कोणते विकल्प ओळखते त्यांची यादी ‘आययूज’ या चलात दिलेली असते. यादीत नसलेला विकल्प वापरकर्त्याने चालू केला, तरी त्या पॅकेजावर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

विकल्प चालू असल्यास ईबिल्ड दोन प्रकारची कामे करते. एक म्हणजे, बांधणीच्या साधनास योग्य तो आदेश देऊन संहितेचा संबंधित भाग सामील करविते. दुसरे म्हणजे, त्या भागासाठी लागणारी इतर पॅकेजे अवलंबनांच्या यादीत घालते. ही दुसरी क्रिया बाहेरून दिसत नाही. परंतु परिणामांच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची ठरते.

वर उल्लेखिलेल्या विम या संपादकाच्या ईबिल्डमध्ये ‘एक्स’, ‘ल्युआ’, ‘पर्ल’, ‘पायथन’, ‘रूबी’ इ. विकल्प आहेत. ‘एक्स’ चालू केल्यास संपादक एक्स या आलेखी व्यवस्थेच्या लायब्रऱ्यांशी सांधला जातो व खिडकीचा मथळा, तसेच इतर आज्ञावलींशी मजकुराची देवघेव या सोयी त्यास मिळतात. ज्या सेवा-संगणकास (सर्व्हरला) पडदाच नाही तेथे या सोयींचा उपयोग नसतो. पण विकल्प चालू राहिल्यास केवळ एका संपादकापायी एक्सच्या लायब्रऱ्या, त्यांना लागणाऱ्या अन्य लायब्रऱ्या व या सर्वांच्या भावी सुधारणांचे काम अंगावर येते. ‘रूबी’ चालू केल्यास रूबी भाषेचा संपूर्ण दुभाषक (इंटरप्रिटर) आवश्यक ठरतो. एका शब्दामागे पॅकेजांची अशी मालिका उभी असते.

यूज फ्लॅग व संकलकाचे आदेश यांत गल्लत होण्याचा संभव असतो. संहितेचा कोणता भाग घ्यावयाचा हे यूज फ्लॅग ठरवितो, तर घेतलेल्या भागाचे रूपांतर कोणत्या प्रक्रियकासाठी व किती प्रमाणात सुधारून करावयाचे हे संकलकाचे आदेश ठरवितात. लिनक्सच्या गाभ्याची (कर्नलची) अंतर्गत मांडणीही यूज फ्लॅगांच्या कक्षेत येत नाही. तिच्यासाठी गाभ्याची स्वतःची स्वतंत्र व्यवस्था आहे.

प्रकार : विकल्पांचे सार्वत्रिक व स्थानिक असे दोन मुख्य प्रकार आहेत. अनेक पॅकेजांत एकाच अर्थाने येणारा विकल्प सार्वत्रिक होय. असा दर्जा देण्यासाठी तो सामान्यतः पाच वा अधिक पॅकेजांत असावा लागतो. ‘अल्सा’ (ध्वनी), ‘कप्स’ (मुद्रण), ‘ब्लूटूथ’, ‘वेलँड’ (आलेखी व्यवस्था), ‘डॉक’ (विस्तृत दस्तऐवज) ही याची उदाहरणे आहेत. एखाद्याच पॅकेजापुरता अर्थ असणारा विकल्प स्थानिक होय. त्याचा खुलासा त्या पॅकेजासोबतच्या माहिती-फाइलीत दिलेला असतो. सार्वत्रिक विकल्पाचाही एखाद्या पॅकेजातील नेमका परिणाम काही वेळा तेथेच सांगितलेला असतो. त्यामुळे नावावरून अर्थाचा तर्क करण्यापेक्षा हा खुलासा वाचणे श्रेयस्कर असते.

काही विकल्प गटांनी हाताळले जातात. पडद्याचे नियंत्रण करणारे यंत्रांग, पायथन भाषेची संस्करणे, प्रक्रियकाच्या विशेष सूचना, भाषा इत्यादींसाठी असे स्वतंत्र गट आहेत. भाषांच्या ‘एल१०एन’ या गटात ‘एमआर’ हे मराठीचे चिन्ह आहे. ते चालू केल्यास फायरफॉक्ससारख्या ज्या आज्ञावलींचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे, त्यांचे मराठी भाषा-संच बांधणीबरोबर बसविले जातात.

‘बाइंडिस्ट’ हा विकल्प तांत्रिक कारणांपेक्षा कायदेशीर कारणांसाठी आहे. काही भाग परवान्याच्या वा एकस्वाच्या (पेटंटच्या) अटींमुळे स्वतः बांधून वापरण्यास मोकळीक असते. परंतु तयार यंत्रसंहिता इतरांना वाटण्यास अडचण असते. असे भाग हा विकल्प चालू केल्यास वगळले जातात.

अग्रक्रम : एकाच विकल्पाविषयी अनेक ठिकाणी लिहिलेले असू शकते. विरोध आल्यास कोणाचे म्हणणे ग्राह्य धरावयाचे, याचा क्रम निश्चित आहे. सर्वांत कमी वजन पॅकेजाच्या ईबिल्डमधील मूलभूत शिफारशीस असते. (ईबिल्डच्या लेखननियमांच्या २००७ मधील संस्करणापासून यादीतील नावापूर्वी अधिक चिन्ह लिहून अशी शिफारस करता येते.) तिच्यावर प्रोफाइलचा अधिकार चालतो. प्रोफाइल म्हणजे विशिष्ट उपयोगासाठी, उदा., मेजावरील संगणकासाठी, विकासकांनी जुळवून ठेवलेला विकल्पांचा संच होय. प्रोफाइलच्या वर ‘मेक.कॉन्फ’ या फाइलीतील वापरकर्त्याचे सर्वसाधारण धोरण येते. त्याहून वरचढ ‘पॅकेज.यूज’ मधील एकेका पॅकेजाविषयीची सूचना असते. आज्ञा देतानाच्या क्षणी पर्यावरण-चलातून दिलेली सूचना सर्वांवर मात करते. परंतु ती कोठेही नोंदली जात नसल्यामुळे पुढील बांधणीत विसरली जाते. म्हणून कायमच्या निवडीसाठी तिचा वापर करू नये, असे जेंटूच्या मार्गदर्शिकेत सुचविलेले असते.

काही विकल्प प्रोफाइलमध्ये सक्तीने चालू किंवा निषिद्ध ठरविलेले असतात, उदा., जो विकल्प विशिष्ट प्रकारच्या प्रक्रियकावर चालूच शकत नाही, तो तेथे निषिद्ध असतो. अशा विकल्पांवर वरील क्रम चालत नाही. सर्व विकल्प एकाच फटक्यात बंद करण्याची सोयही आहे. तथापि तिच्यामुळे प्रोफाइलच्या व ईबिल्डच्या विचारपूर्वक केलेल्या शिफारशीही पुसल्या जातात व प्रत्येक पॅकेजाची जबाबदारी वापरकर्त्यावर येते. अनुभवी वापरकर्तेही बहुधा प्रोफाइल स्वीकारून त्यात मोजकेच फेरफार करतात.

परस्परावलंबन : एका पॅकेजाचा विकल्प अनेकदा दुसऱ्या पॅकेजाच्या विकल्पावर अवलंबून असतो. एखाद्या आज्ञावलीस नुसती ठराविक लायब्ररी पुरेशी नसते. ती लायब्ररी ठराविक विकल्प चालू ठेवून बांधलेली असावी लागते. प्रारंभी ही अट ईबिल्डच्या अवलंबन-यादीत लिहिता येत नसे. बांधणी सुरू झाल्यावर ईबिल्ड तपासणी करी व अट पुरी होत नसल्यास तेथेच थांबे. रात्री सुरू करून दिलेली लांबलचक बांधणी सकाळी मध्येच अडून पडलेली आढळावी, हा त्या काळातील नित्याचा प्रसंग होता. लेखननियमांच्या २००८ मधील संस्करणाने अवलंबनासोबत विकल्पाची अट लिहिण्याची सोय दिली व असा विरोध बांधणीपूर्वीच उघड होऊ लागला. २०११ मधील संस्करणाने एकाच पॅकेजातील विकल्पांचे आपापसांतील नियमही (दोहोंपैकी एकच चालू असावा, एक चालू असल्यास दुसराही असावा इ.) लिहिणे शक्य केले. असा नियम मोडल्यास पोर्टेज बांधणी नाकारते व कोणता नियम मोडला ते सांगते.

दोन पॅकेजे परस्परांची अपेक्षा करू लागली, तर चक्राकार अवलंबन निर्माण होते. फ्रीटाइप व हार्फबझ या लायब्रऱ्या याचे परिचित उदाहरण होत. फ्रीटाइप टंकांतील (फाँटांतील) अक्षरांच्या आकृती काढते. हार्फबझ त्या आकृतींची निवड व मांडणी करते. फ्रीटाइप आपल्या एका कामासाठी ऐच्छिकपणे हार्फबझचा उपयोग करते, तर हार्फबझ ऐच्छिकपणे फ्रीटाइपचा उपयोग करते. दोन्ही विकल्प चालू असून दोन्ही लायब्रऱ्या अद्याप बसविलेल्या नसतील, तर आधी कोणती बांधावी हा प्रश्न सुटत नाही. यावर उपाय म्हणजे प्रथम फ्रीटाइप हार्फबझवाचून बांधणे, नंतर हार्फबझ बांधणे व शेवटी फ्रीटाइप पुन्हा पूर्ण रूपात बांधणे. निवड ऐच्छिक असल्यामुळेच हे चक्र तोडता येते.

देवनागरी लिपीच्या दृष्टीने हार्फबझचे महत्त्व विशेष आहे. ‘कि’ या अक्षरात संगणक प्रथम ‘क’ व मग ऱ्हस्व इकार साठवितो. पडद्यावर मात्र इकार ‘क’च्या आधी दिसावा लागतो. जोडाक्षरे व रफार यांचेही स्थान व आकार साठवणीच्या क्रमावरून थेट मिळत नाहीत. हे काम मांडणी करणाऱ्या लायब्ररीचे आहे. रोमन लिपीपुरते पाहणाऱ्या वापरकर्त्यास ही सोय अनावश्यक भासणे शक्य आहे. परंतु मजकूर रेखाटणाऱ्या एखाद्या पॅकेजात ती ऐच्छिक असून बंद केली गेली, तर त्या आज्ञावलीत मराठी मजकूर विस्कटलेला दिसतो. ‘अनावश्यक’ हा शब्द वापरणाऱ्याच्या गरजेशी सापेक्ष आहे, याचे हे चांगले उदाहरण होय.

बदलांची अंमलबजावणी : फाइलीतील विकल्प बदलल्याने आधी बांधलेली आज्ञावली आपोआप बदलत नाही. बदललेल्या विकल्पांचा परिणाम होणारी पॅकेजे शोधून ती पुन्हा बांधण्याचा आदेश पोर्टेजला द्यावा लागतो. त्यानंतर ज्यांची कोणासही गरज उरलेली नाही अशी पॅकेजे वेगळ्या आदेशाने काढून टाकता येतात. हा दुसरा टप्पा राहून गेल्यास विकल्प बंद करूनही अनावश्यक लायब्रऱ्या प्रणालीत तशाच राहतात.

प्रत्यक्ष बांधणीपूर्वी नुसता आराखडा दाखविण्याची सोय पोर्टेजमध्ये आहे. आराखड्यात प्रत्येक पॅकेजापुढे त्याचे विकल्प दिसतात : चालू असलेले तांबड्या रंगात, बंद असलेले उणे चिन्हासह निळ्या रंगात, मागील बांधणीपासून अवस्था बदललेले तारांकित चिन्हासह हिरव्या रंगात आणि सक्तीचे व निषिद्ध कंसात. विकल्पाच्या एका बदलाने किती पॅकेजे पुन्हा बांधावी लागणार, हे या आराखड्यावरून आधीच कळते. सावध वापरकर्त्याच्या दृष्टीने ही पोर्टेजमधील सर्वांत उपयुक्त सोय म्हणता येईल.

सुरक्षितता : ऐच्छिक भाग वगळण्याचे महत्त्व एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या ‘हार्टब्लीड’ या दोषाने स्पष्ट झाले. ओपनएसएसएल ही लायब्ररी महाजालावरील सांकेतिक दळणवळणासाठी सर्वत्र वापरली जाते. मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या १.०.१ या संस्करणात ‘हार्टबीट’ नावाची सोय होती. दुसऱ्या बाजूचा संगणक अद्याप जोडलेला आहे की नाही हे तपासण्यासाठी तिचा उपयोग होई. परंतु आलेल्या निरोपात सांगितलेली लांबी व त्याची खरी लांबी यांची पडताळणी करावयाची राहून गेली होती. परिणामी खोटी लांबी सांगणाऱ्या कोणासही सेवा-संगणकाच्या स्मृतीतील, एका वेळी ६४ किलोबाइटांपर्यंतचा मजकूर मिळू शके. त्यात परवलीचे शब्द व गुप्त किल्ल्याही असू शकत. हा दोष गूगलमधील नील मेहता व कोडनॉमिकॉन या कंपनीतील संशोधक यांना स्वतंत्रपणे आढळला आणि ७ एप्रिल २०१४ रोजी तो जाहीर झाला.

ही सोय बहुसंख्य संकेतस्थळांस लागत नव्हती. तरीही ती मुळातच चालू असल्यामुळे त्यांच्या यंत्रसंहितेत होती. तात्काळ नवे संस्करण बसविणे ज्यांना शक्य नव्हते त्यांनी हार्टबीट वगळून ओपनएसएसएल पुन्हा बांधावी, असे तिच्या निर्मात्यांनी सुचविले. जेंटूमध्ये यासाठी ‘टीएलएस-हार्टबीट’ हा विकल्प होता. तो मुळात चालू असे. तो बंद करून पुनर्बांधणी करणे हा तात्पुरता उपाय जेंटूच्या सुरक्षा-सूचनेत नमूद करण्यात आला होता. दोषयुक्त भागच नसल्यास दोषही उरत नाही, हे तत्त्व येथे प्रत्ययास आले. येथे हेही लक्षात घेतले पाहिजे की, विकल्प उपलब्ध असण्याने सुरक्षितता आली नाही. तो बंद केला असेल तरच ती आली.

अवलंबनांच्या मालिकेचा धोका २९ मार्च २०२४ रोजी उघड झालेल्या ‘एक्सझेड’ प्रकरणात दिसला. माहिती आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या पॅकेजाच्या ५.६.० व ५.६.१ या संस्करणांत कोणी हेतुपुरस्सर चोरवाट ठेवली असल्याचे आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आले. तिचा रोख दूरस्थ प्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएच या सेवेवर होता. वास्तविक ओपनएसएसएचला एक्सझेडच्या लायब्ररीची गरज नसते. परंतु काही वितरणांनी सिस्टमडी या व्यवस्थेस निरोप देता यावा म्हणून ओपनएसएसएचमध्ये एक जोड बसविली होती. तिच्यामुळे सिस्टमडीची लायब्ररी व त्या लायब्ररीमागोमाग एक्सझेडची लायब्ररी सेवेच्या स्मृतीत येऊन बसे. जेंटूने ही जोड वापरली नव्हती. त्यामुळे ही वाट तेथे खुली नव्हती. शिवाय चोरवाट डेबियन व फेडोरा पद्धतीच्या पॅकेजांची बांधणी होत असेल तेव्हाच कार्यान्वित होई. तथापि मूळ संहितेपासून बांधणे हे स्वतः संरक्षण होय, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. दूषित भाग प्रसिद्ध केलेल्या मूळ संहितेच्या गठ्ठ्यातच होता. त्या गठ्ठ्यातून बांधणी करणाऱ्यास तो डोळ्यांनी दिसण्याचा संभव अल्प होता. या प्रकरणाचा बोध एवढाच की, प्रत्येक ऐच्छिक जोड ही दुसऱ्या कोणाच्या तरी कामावर टाकलेला विश्वास असते.

गुणदोष : यूज फ्लॅगांमुळे संगणक अतिशय जलद होतो, अशी समजूत प्रचलित आहे. ती बव्हंशी निराधार आहे. वगळलेला भाग पूर्वीही क्वचितच वापरला जात असेल, तर त्याच्या अभावाने वेग लक्षणीय वाढत नाही. खरा लाभ म्हणजे पॅकेजांची संख्या घटते, सुधारणांचे व सुरक्षा-दोषांचे क्षेत्र आकुंचित होते आणि प्रणालीतील प्रत्येक भाग तेथे का आहे याचे उत्तर देता येते. लहान स्मृतीची उपकरणे, विशिष्ट कामाचे सेवा-संगणक व शिक्षण या क्षेत्रांत हा लाभ विशेष जाणवतो. गूगलच्या क्रोमओएस या प्रणालीच्या बांधणीसाठी पोर्टेज वापरण्यात आले, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. तिच्या सामान्य वापरकर्त्यास मात्र विकल्पांची गंधवार्ताही नसते. निवड निर्माता करतो व तयार प्रणाली त्याच्या हाती पडते.

दोषांपैकी बांधणीला लागणारा वेळ व वीज हा सर्वांत ठळक आहे. क्रोमियम वा फायरफॉक्ससारखे न्याहाळक व संकलक यांची बांधणी सामान्य संगणकावर काही तास चालू शकते. दुसरा दोष अधिक खोल आहे. विकल्पांच्या लक्षावधी संयोगांपैकी फारच थोड्यांची चाचणी प्रत्यक्षात झालेली असते. विरळ संयोग निवडणारा वापरकर्ता कळत-नकळत त्याचा पहिला परीक्षक बनतो. याच कारणास्तव मॅकओएसवर लोकप्रिय असलेल्या होमब्रू या पॅकेज-व्यवस्थेने २०१९ मधील २.० या संस्करणाच्या वेळी आपल्या मुख्य संग्रहातील बांधणी-विकल्प काढून टाकले. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्‌स संग्रहात मात्र असे विकल्प आहेत. त्याचबरोबर नेहमीच्या निवडींची तयार पॅकेजेही तेथे पुरविली जातात.

जेंटूनेही २९ डिसेंबर २०२३ रोजी एएमडी६४ व एआरएम६४ या प्रकारच्या प्रक्रियकांसाठी मोठ्या प्रमाणावर तयार पॅकेजे अधिकृतपणे पुरविण्यास सुरुवात केली. तयार पॅकेज ज्या विकल्पांनी बांधलेले आहे ते वापरकर्त्याच्या निवडीशी जुळत असल्यास पोर्टेजला तेच बसविता येते. न जुळल्यास मूळ संहितेपासून बांधणी करता येते. यामुळे ज्या पॅकेजांविषयी वापरकर्त्यास विशेष आग्रह नाही त्यांच्यावरील श्रम वाचतात व जेथे आग्रह आहे तेथे निवडीचे स्वातंत्र्य कायम राहते.

यूज फ्लॅगांची पद्धती मोठ्या जनसमूहात रूढ झाली नाही व तशी ती होण्याचा संभवही अल्प आहे. तिचे महत्त्व निराळे आहे. तयार पॅकेज वापरणाऱ्याच्या वतीनेही हेच निर्णय कोणीतरी घेतलेले असतात. फक्त ते त्याच्या दृष्टीआड राहतात. जेंटूतील विकल्पांची यादी ते निर्णय नावानिशी समोर ठेवते, बदलण्याची मुभा देते आणि बदलाची किंमतही वेळ, श्रम व जबाबदारी यांच्या रूपाने वसूल करते.